एक घागर होईपर्यंत

आमच्या आळीत रोज सकाळी एक माणूस स्वतःच्याच नावाचा पुकारा करायचा. घरातून बाहेर यायचा, उंबऱ्याबाहेर आपल्याच दाराकडे तोंड करून उभा राहायचा, घसा साफ करायचा आणि कोर्टातल्यासारखा खणखणीत ओरडायचा. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, राहणार तांबट आळी, नाशिक, हजर आहेत काऽऽ? असं तीनदा. तिसऱ्या पुकाऱ्यानंतर जरा थांबून तोच माणूस साध्या, थोड्या दबलेल्या आवाजात म्हणायचा, "हजर." मग आत जाऊन दार लोटून घ्यायचा.

आम्ही त्याच घरात भाड्याने राहायला गेलो तेव्हा पहिल्याच सकाळी हे ऐकून माझ्या हातून दुधाचं पातेलं सुटलं. आमचे हे शाळेत मास्तर, अंगात खादी, तोंडाला कुलूप नाही. मला वाटलं, आलं वॉरंट! ह्यांनी खिडकीतून डोकावून पाहिलं आणि हसत म्हणाले, "घाबरू नकोस, घरमालक स्वतःलाच पकडताहेत."

घरमालक निवृत्त बेलीफ होते. दिवाणी कोर्टात तीसेक वर्षं काढलेली. समन्स बजावायचं, हुकूम झाला की घराचा ताबा घेऊन द्यायचा, सामानाची यादी करायची, आणि पट्टेवाला रजेवर असला की दारात उभं राहून पुकाराही करायचा. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. आळीतही ते कुणी घेत नसे. रोज तीन वेळा कानावर पडूनही सगळे त्यांना बेलीफकाकाच म्हणत.

उंच होते, खांदे पुढे झुकलेले. मिशा पांढऱ्या, पण डावी उजवीपेक्षा विरळ, कारण विचार करताना ते डावी ओढत. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. स्वतः स्वयंपाक करत, आणि तो काही फार चांगला नसे. मी आमटी नेऊन दिली तर वाटीकडे बघून विचारत, "ही मला, की चुकून?" त्यांची काही खुळं होती आणि त्यांचा अर्थ मला पुष्कळ उशिरा लागला. कुणाच्याही घरात शिरताना ते बाहेरून तीनदा विचारत, "आत येऊ?" पहिल्यांदाच 'या' म्हटलं तरी उरलेली दोन वेळा विचारल्याशिवाय पाऊल आत पडायचं नाही. दुसऱ्याच्या घरच्या भांड्याला हात लावत नसत. पाणी दिलं तर ओंजळ पुढे करत. आळीतल्या बायकांना वाटे, फार सोवळे आहेत.

आणि जागा देताना त्यांनी आम्हाला एकच अट घातली होती. पाहुणे आले तरी चालतील, सभेची माणसं येऊन बसली तरी चालतील, भिंतीला खिळे ठोकले तरी चालतील. "फक्त भांड्यातलं पाणी रस्त्यावर ओतायचं नाही." मला वाटलं, नगरपालिकेशी काही लफडं झालं असेल. एकदा तांदूळ धुतलेलं पाणी मी सवयीने दारातून भिरकावलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या दाराशी एक बादली आली. आमचं सगळं सांडपाणी त्या बादलीतून परसातल्या पारिजातकाला जाऊ लागलं आणि तो पारिजातक परसात मावेनासा झाला.

सत्याग्रहाचे दिवस आले. ह्यांनी चौकात उभं राहून पत्रक वाचून दाखवलं आणि सहा महिन्यांची शिक्षा घेतली. काही दिवस जवळच ठेवलं, मग घाटाखालच्या तुरुंगात हलवलं. माझं माहेर दिंडोरीचं. वडील न्यायला आले. मी गेले नाही. हे सुटून येतील तेव्हा दाराला कुलूप दिसता कामा नये, एवढंच माझं म्हणणं. तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि हट्टाच्या बाबतीत आळीत माझा हात कुणी धरला नसता.

त्याच हट्टाने मी देवाच्या मागे लागले. तोवर माझी पूजा म्हणजे घाईघाईत दोन फुलं आणि निरांजन. आता उजाडायच्या आत गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, जाऊन स्नान, ओलेत्याने परत, मग पोथीचे पाच अध्याय, मग पिंपळाला एकशे आठ प्रदक्षिणा, आणि आठवड्यात तीन उपवास. आठ दिवस मी हे रेटलं. नवव्या दिवशी पिंपळाखाली चक्कर आली. दहाव्या दिवशी डोळा उघडला तेव्हा उन्हं अंथरुणावर आली होती. माझ्या झोपेमुळे तिकडे ह्यांचं काहीतरी वाईट होणार, अशी धास्ती मनात बसली, आणि त्या धास्तीपायी मी सगळंच सोडून दिलं. पोथीकडे बघायचंसुद्धा टाळायचे. तिच्यावर एक फडकं टाकून ठेवलं होतं.

एके दुपारी काका ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "सूनबाई, तुमच्याकडची घंटी चार दिवस ऐकली नाही."

"नाही जमत, काका."

"काय नाही जमत?"

मी सगळी यादी सांगितली. ते ऐकताना त्यांनी मिशी इतकी ओढली की मला वाटलं, आता हातातच येते.

"एवढं सगळं एकाच अर्जात?" ते म्हणाले. "अहो, तीस वर्षं मी कोर्टाच्या दारात उभा होतो. खोटेपणामुळे हरलेली माणसं मी थोडी पाहिली. बाकीची गैरहजर राहून हरली. पहिल्या तारखेला गाडीभर कागद घेऊन येतात, वकिलाचं डोकं खातात, आणि चौथ्या तारखेला पुकारा करावा तर पत्ता नाही."

"मग मी काय करू?"

"हजर राहा. रोज. म्हणणं मांडू नका. नुसतं हजर राहायचं."

"किती वेळ?"

त्यांनी अडकित्त्याने शेजारच्या भिंतीकडे खूण केली. "त्याची पहिली घागर होईपर्यंत."

भिंतीपलीकडे तांबटाचं दुकान होतं. आमच्या दोन्ही खोल्या आणि काकांची खोली त्याच एका भिंतीला लागून. तांबटाचा रोजचा क्रम ठरलेला. सकाळी पहिली एक घागर मठारायची, म्हणजे घडलेल्या घागरीवर तळापासून काठापर्यंत हातोडीचे बारीक, सारखे ठोके देत यायचं. त्याने तांबं घट्ट होतं आणि अंगावर ती चमकणारी टिकली टिकली उठते. मग बाकीची कामं. त्या ठोक्यांनी माझं डोकं उठायचं. आणि हा माणूस मला सांगत होता की नेमकं तेव्हाच डोळे मिटून बसा!

"एवढ्या गोंगाटात?"

"शांतता कधी मिळायची ते आपल्या हातात नाही. तो मात्र रोज ठोकतो. एक ठोका, एक नाव. माळ नको, घड्याळ नको."

"आणि ताप आला तर?"

"तापात पडल्या पडल्या ठोके ऐकू येतात की नाही? मग झालं तर. तापातसुद्धा जमेल तेवढंच रोजचं ठेवायचं."

मी लगेच विचारलं, बरं वाटत असेल त्या दिवशी दोन घागरी केल्या तर? ते एकदम कोर्टातले झाले. "एका दिवशी दोन हजेऱ्या लागत नाहीत."

एका गोष्टीवरून मात्र माझं त्यांचं भांडण झालं. म्हणणं मांडायचं नाही म्हणजे काय? मला तर एकच म्हणणं होतं. हे धडधाकट घरी यावेत. तेच मागायचं नसेल तर मी कशाला तासभर कान किटवून घेऊ? मी हे जरा चढ्या आवाजातच विचारलं. काकांनी बराच विचार केला आणि तोडगा काढला. "मागा. पण बसलेलं असताना नाही. शेवटचा ठोका पडला की चटई गुंडाळायची. ती गुंडाळून होईपर्यंत काय मागायचं ते मागा."

असं माझं सुरू झालं. सकाळी बाहेर पुकारा व्हायचा, काका 'हजर' म्हणून आत जायचे, मी चटई टाकायची, आणि भिंतीपलीकडे पहिला ठोका पडायचा. पहिले कित्येक दिवस मी नावाच्या जागी शिव्याच घातल्या असतील. मन एका जागी राहीना. दुपारी काका ओट्यावरून विचारायचे, "आज?"

"आज मन दिंडोरीला गेलं होतं. द्राक्षांच्या मांडवात."

"परत आलं?"

"घागर काठाला आली तेव्हा आलं."

"मग लागली हजेरी," म्हणून ते पुन्हा सुपारीकडे वळायचे. यापेक्षा जास्त अध्यात्म मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

हळूहळू मला ठोके ओळखता यायला लागले. तळावर असताना आवाज बद्द येतो. पोटावर आला की मोठा आणि भरलेला. गळ्याशी बारीक आणि तिखट होतो, आणि काठावर तांबट हात सावकाश करतो. पोट आलं की माझा श्वास आपोआप लांब व्हायचा. फडकं काढून मी पोथीही परत देवापाशी ठेवली, वाचत नव्हते तरी. दिवसभर मी चिडकीच राहिले, पण सकाळचा तेवढा तुकडा माझा झाला. चटई मात्र मी फार सावकाश गुंडाळायची. काकांना भिंतीतून कसं कळायचं कोण जाणे. एकदा म्हणाले, "सूनबाई, तुमची चटई हल्ली फार लांब झालीय."

चार महिने गेले आणि एक कार्ड आलं. अक्षर परक्याचं. 'प्रकृती बरी नाही. इस्पितळात ठेवले आहे. ताप आहे. काळजी करू नये.' खाली सही ह्यांची होती आणि ती सही सरळ आली नव्हती. मी ते कार्ड किती वेळा वाचलं याला गणती नाही. रात्र कशी गेली ते सांगत नाही. सकाळची वाट बघत होते. सकाळी घागर होईल, मी बसेन, एवढ्याच एका गोष्टीला धरून होते.

सकाळी पुकारा झाला. काका 'हजर' म्हणून आत गेले. मी चटई टाकून बसले. आणि ठोका पडेना.

शहरात हरताळ होता. कुणा पुढाऱ्याला पकडलं म्हणून बाजार, दुकानं, कारखाने सगळं बंद. तांबट आळी इतकी गप्प मी कधी ऐकली नव्हती. चिमण्या ऐकू येत होत्या. कुणाच्या तरी घरातलं पाळण्याचं कुरकुरणं ऐकू येत होतं. मी नाव घ्यायला गेले तर जीभ हलेना. तेवढ्यात काकांचं दार धाडकन उघडलं. ते बाहेर आले ते सरळ तांबटाच्या दारात. मीही उठून ओट्यावर आले. तांबट आपल्या पायरीवर नुसताच बसला होता.

"एक घागर मठार. एकच."

"आज नाय, काका. आज हातोडी उचलायची नाय."

"हळू ठोक. बाहेर ऐकू जायचं नाही."

"मास्तरांसारखी माणसं आत गेली, त्यांच्यासाठीच तर बंद ठेवलंय," तांबट म्हणाला आणि माझ्याकडे बघून मान खाली घातली. "मास्तरीणबाईंच्या समोर कसा ठोकू मी?"

काका परत आले, ओट्यावर टेकले. "आज नाही व्हायचं, सूनबाई. आज तहकूब."

आता मला आवरेना. "तहकूब? माझा माणूस तिकडे तापात पडलाय आणि आज तहकूब? तुम्हीच सांगितलंत ना, रोज म्हणून? चार महिने मला शिकवलंत, आणि आज तुम्हालाच काय झालं?"

"मला ऐकू येतं," ते म्हणाले. "ठोके नसले की ऐकू येतं."

मग त्यांनी सांगितलं. भावाभावांतला वाटणीचा दावा होता. धाकटा वारलेला, त्याची बायको दोन पोरं घेऊन त्या घरात राहत होती. निकाल थोरल्याच्या बाजूने लागला आणि ताबा घेऊन द्यायला काका गेले. सामानाची यादी करायची असते. वेळ वाचावा म्हणून त्यांनी सकाळी कचेरीत बसूनच तक्ता भरून ठेवला होता. 'घागर, तांब्याची, एक. शेरा: रिकामी.' सगळ्याच भांड्यांपुढे रिकामी. तिथे जाऊन बघतात तर घागर भरलेली. दिवस वैशाखाचे. बाई म्हणाली, पोरांपुरतं तरी राहू द्या.

"मी म्हटलं, यादीत रिकामी आहे. आणि उचलून रस्त्यावर ओतली. यादी खरी केली." काका माझ्याकडे बघत नव्हते. "नोकरी सुटल्यावर देवापुढे बसायला लागलो, तर दुसरं काही ऐकूच येईना. ते पाणी पडल्याचा आवाज. म्हणून दहा वर्षांपूर्वी मी या आळीत घर घेतलं. इथे रोज नवी घागर होते. म्हटलं, एक ओतली, आता रोज एक होताना हजर राहू."

मी त्यांची कीव करायला हवी होती. पण मी रात्रभर जागी होते, कार्ड माझ्या कमरेला खोचलेलं होतं, आणि तोंड आवरणं मला तेव्हाही जमत नसे. मी म्हणाले, "म्हणजे दहा वर्षं तुम्ही ठोक्यांच्या आड लपून बसलात. रोज स्वतःचा पुकारा करता, आणि त्या बाईंनी पुकारा केला की तहकूब? याला हजर राहणं म्हणतात?"

बोलले आणि लगेच वाटलं, जीभ झडली असती तर बरं. काकांनी पाय दुमडून मांडी घातली आणि तिथेच, उघड्या ओट्यावर, डोळे मिटले. मीही खाली बसले. चटई आत राहिली होती.

त्या शांततेत मला काय ऐकू आलं ते सांगते. मला माझीच भांडी ऐकू आली. कुणीतरी एकेक उचलून रस्त्यावर मांडत होतं. मला विधवा व्हायची भीती वाटत होती. चार महिने मी देवाकडे हे परत यावेत म्हणून मागत होते, पण ही भीती तोवर स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते. त्या सकाळी ती माझ्या समोर येऊन बसली आणि मी उठून पळाले नाही. घळाघळा रडत होते, पण बसून होते. काकांचे डोळे मिटलेले, ओठ घट्ट. त्यांचं काय चाललं होतं ते तेच जाणोत.

ठोके नाहीत तर उठायचं कधी, हे दोघांनाही कळेना. असा पुष्कळ वेळ गेला. मग शेजारून आवाज आला, "झाली."

आम्ही डोळे उघडले. तांबट आपल्या पायरीवर बसला होता. त्याचा उजवा हात गुडघ्यावर होता, बोटं अजून हलत होती. "काठ झाला," तो म्हणाला. "उठा आता. पहिल्या घागरीला तुम्ही दोघं बसता, ते काय मला ठाऊक नाय व्हय? म्हणून तर रोज पहिली घागरच घेतो."

गुंडाळायला चटई नव्हती. मी पदरानं डोळे पुसले आणि दोघांच्या देखत मोठ्यानं म्हणाले, "देवा, ह्यांना घरी आण." काकांनी मला अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी आळी पुन्हा ठणठणू लागली, पण पुकारा झाला नाही. तांबटाने सांगितलं, काका त्याच्याकडून नवी घागर घेऊन पहिल्या सर्व्हिस मोटारीने सायखेड्याला गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परतले. हातात घागर नव्हती आणि पायात जोडे नव्हते.

मी पाय धुवायला पाणी दिलं. विचारायची हिंमत होत नव्हती. त्यांनी स्वतःच सुरुवात केली.

"त्या बाई सायखेड्याला भावाकडे असतात. पत्ता मला पहिल्यापासून ठाऊक होता. पत्ते काढणं हीच तर माझी नोकरी."

"भेटल्या?"

"अंगणात बसल्या होत्या. दिसत नाही फारसं. मी कुंपणाबाहेर उभा राहून माझा पुकारा केला. तीनदा. म्हणाल्या, 'कोन हाय? उन्हात काह्याला उभे?' मग सगळं सांगितलं. घागरीचं."

"मग?"

काकांनी मिशीकडे हात नेला आणि तसाच खाली आणला. "म्हणाल्या, 'घागरीचं नाय मला आठवत, दादा. तुम्ही पायताणं घालून देव्हाऱ्यात शिरले व्हते. माझे समदे देव एका मुठीत उचलले, वांगी उचलत्यात तसे. ते हाय माझ्या ध्यानात.'"

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"मला ते आठवतच नव्हतं, सूनबाई. अजूनही आठवत नाही. यादीत असतील. पितळी मूर्ती, लहान, पाच. दहा वर्षं मी भलत्याच दाव्यात हजर राहत होतो."

त्या बाईंनी माफ केलं का, असं मी विचारलं. ते त्यांनी विचारलंच नव्हतं. म्हणणं मांडायला गेलो नव्हतो, म्हणाले. जोडे तिथेच अंगणात काढले, मग घागर पुढे ठेवली. बाईंनी ती हाताने चाचपली, काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "भरून द्या मंग. मला आता नदीवर जाववत नाय." काकांनी गोदावरीच्या दोन खेपा केल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन.

तेव्हापासून दर महिन्याला ते सायखेड्याला जायचे. कुठे निघालात विचारलं तर म्हणायचे, "पाणी भरून येतो." जोडे त्यांनी पुन्हा घातले नाहीत. उन्हाळ्यात नाशिकच्या रस्त्यावर अनवाणी चालताना ते सावलीसावलीने उड्या मारत जायचे आणि पोरं हसायची. आणखी एक बदल झाला. आता पुकारा लवकर व्हायचा. ठोके सुरू व्हायच्या आधी काका बराच वेळ शांततेत बसत. तांबट हातोडी घेऊन तयार असायचा, पण पुकारा झाल्यावर तेवढा वेळ जाऊ द्यायचा आणि मगच पहिला ठोका द्यायचा. पुकारा झाल्याशिवाय आळीतलं काम सुरू होत नाही, असंच मग ठरून गेलं.

ह्यांचा ताप उतरला. शिक्षा संपली. एका सकाळी घागर पोटावर आलेली असताना मला आळीत पावलं ऐकू आली आणि ती कुणाची ते कळलं. मी शेवटच्या ठोक्याची वाट बघितली असेल असं कुणाला वाटत असेल तर मी तशी बाई नव्हे. चटई तशीच टाकून धावत सुटले. दारात हे उभे, डोक्यावरचे केस गेलेले, हसले तर सगळे दातच दिसले. पाठीमागून काकांचं दार किलकिलं झालं. "सूनबाई, आज हजर धरतो," ते म्हणाले आणि दार पुन्हा लोटून घेतलं.

पुढे पाच-सहा वर्षं आम्ही त्याच घरात राहिलो. मी रोज एक घागर बसत राहिले. चटई गुंडाळताना मागायला रोज काही ना काही असायचंच, पण ती लवकर गुंडाळून व्हायला लागली. हे मला चिडवत, तुझा देव तांबटाच्या पगारावर आहे म्हणून.

काका थंडीच्या दिवसांत गेले. दोनच दिवस ताप. त्या दोन्ही सकाळी पुकारा करायला उठता आलं नाही. नाव पडल्या पडल्या पुटपुटले, तीनदा, आणि मग 'हजर'. आळीला ते ऐकू जाण्यासारखं नव्हतं. मी खिडकीतून तांबटाला हात करायची आणि ठोके सुरू व्हायचे. पांघरुणावर त्यांची बोटं ठोक्याबरोबर हलायची. काही हवंय का विचारलं तर म्हणाले, "म्हणणं काही नाही."

त्यांना पोहोचवून आलो त्याच्या दुसऱ्या सकाळी मी चूल पेटवत होते. आळी गप्प होती. दाराशी तांबट येऊन उभा राहिला. एका हातात घागर, दुसऱ्या हातात हातोडी.

"बाई, पुकारा झाला नाय," तो म्हणाला. "सुरू कसं करू?"

मी हात पुसले आणि बाहेर आले. त्यांच्या बंद दारासमोर, उंबऱ्याबाहेर, ते उभे राहायचे त्याच जागी उभी राहिले. वडीलधाऱ्या पुरुषाचं नाव बाईने असं भररस्त्यात घ्यायची रीत नव्हती. पण घेतलं. त्यांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, राहणार तांबट आळी, नाशिक, हजर आहेत काऽऽ? खिडक्या उघडल्या. मी दुसऱ्यांदा घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं.

तिसऱ्या पुकाऱ्यानंतर कुणी बोललं नाही तर कागदावर 'गैरहजर' लिहितात, हे मला काकांनीच शिकवलं होतं. सगळी आळी दाराकडे बघत होती. दार बंद होतं.

"हजर," मी म्हणाले.

तांबट वळला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. मी घरात आले तर ह्यांनी माझी चटई टाकून ठेवली होती, आणि तिच्याशेजारी स्वतःसाठी आणखी एक. भिंतीपलीकडे घागरीच्या तळावर पहिला ठोका पडला.